काटकसर आणि हिशेबाची वही

काटकसरीने राहावे हा उपदेश महाराष्ट्रात जुनाच आहे आणि अंथरूण पाहून पाय पसरावे या म्हणीत त्याचे सार आले आहे. परंतु ते अंथरूण मोजून पाहण्याची, म्हणजे सामान्य कुटुंबाचा पैसा नेमका कोठे जातो हे आकड्यांत मांडण्याची, रीत येथे बरीच उशिरा रुजली. जमाखर्चाची विद्या मात्र जुनी होती. रोजच्या व्यवहारांची क्रमवार नोंद जिच्यात होते ती कीर्द आणि त्याच नोंदी व्यक्तीनुसार वा बाबीनुसार वेगळ्या करून जिच्यात उतरवल्या जातात ती खतावणी. कीर्दीत डावीकडे जमा, उजवीकडे नावे, आणि आरंभी हाती असलेली रोकड 'श्री शिल्लक' म्हणून लिहिली जाई. ही विद्या सरकारी दप्तरांत, पेढ्यांवर आणि दुकानांत नांदली. कुणब्याच्या घराशी तिचा संबंध आला तो मुख्यतः सावकाराच्या वहीतील खाते म्हणून. खर्च एकाचा आणि वही दुसऱ्याची, अशा स्थितीत कुणब्याला आपल्या खर्चाची पारख करता येणे कठीणच होते.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला आणि पुढे पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेल्या या दंग्यांत त्यांचा मुख्य रोख कर्जरोखे हस्तगत करून नष्ट करण्यावर राहिला. लग्नकार्यातील उधळपट्टीमुळे रयत बुडते, असा समज त्या काळी सर्रास होता. दंग्यांच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या आयोगाने मात्र या कारणाला अवाजवी महत्त्व दिले गेल्याचे नमूद केले: असा खर्च ऐपतीच्या मानाने मोठा असला, तरी तो क्वचितच करावा लागतो आणि एकट्या त्याच्यापासून कर्जाची सुरुवात झाल्याचे विरळाच आढळते. अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यावर कोसळलेले कापसाचे भाव, वाढवलेला शेतसारा, बेभरवशाचा पाऊस आणि चढत जाणारे व्याज यांचा भार कितीतरी अधिक होता. यानंतर १८७९ मध्ये झालेल्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने दिलेल्या रकमेची लेखी पावती, वर्षाचा हिशेब आणि खातेपुस्तक मागण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला. सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे ते जाणून घेण्याचा अधिकार ऋणकोला मिळाला, हे या कायद्याचे मोठेच मोल मानले पाहिजे.

यापुढचे पाऊल म्हणजे कुटुंबाच्या बाजूने हिशेब मांडणे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी १९१७ साली प्रसिद्ध केलेल्या पिंपळे सौदागर या गावाच्या अभ्यासात घराघराचे उत्पन्न, खर्च आणि कर्ज एकत्र मांडून कोणते कुटुंब केवळ शेतीवर तगते, कोणते बाहेरच्या मजुरीच्या आधाराने तगते आणि कोणते दोन्ही मिळूनही तगत नाही, अशी वर्गवारी केली. मुंबईत सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२१-२२ मध्ये कामगार कुटुंबांच्या 'बजेटां'ची, म्हणजे मासिक जमाखर्चाच्या अंदाजांची, पाहणी केली. त्यात निम्म्याहून अधिक खर्च अन्नावरच होतो असे दिसले. एवढे करूनही कामगाराच्या वाट्याला येणारे धान्य तुरुंगाच्या नियमावलीत कैद्यांसाठी ठरवलेल्या प्रमाणापेक्षा कमीच भरले. सुमारे ४७ टक्के कुटुंबे कर्जात होती. रुपयामागे महिन्याला एक आणा हा व्याजाचा दर ऐकायला किरकोळ वाटतो, पण रुपयाचे आणे सोळा असल्याने वर्षाला तो ७५ टक्के होतो. आणि पगार महिना उलटून गेल्यावर हाती पडत असल्यामुळे तोवर वाण्याकडची उधारी अटळ असे.

या इतिहासातून काटकसरीचा विचार करणाऱ्याने घेण्याजोगा बोध स्पष्ट आहे. खर्चाची नोंद नसते तेव्हा सणवार, लग्न, पानतंबाखू असा डोळ्यांत भरणारा खर्च दोषी ठरतो आणि व्याज, भाडे, उधारीवर घेतलेल्या मालाचा चढा भाव असा मुकाट्याने होणारा खर्च सुटून जातो. आजही स्वतःच्या सवयी तपासू पाहणाऱ्या कुटुंबाने आधी महिना-दोन महिने प्रत्येक रक्कम लिहून काढावी, मग कीर्दीवरून खतावणी करावी तशी ती बाबवार लावावी, आणि त्यानंतरच सवयीचा खर्च कोणता व नाइलाजाचा कोणता हे ठरवावे. सवयीला आळा घालणे माणसाच्या हाती असते. नाइलाजाच्या खर्चासाठी स्वस्त कर्ज, वाजवी भाडे आणि वेळेवर मिळणारे वेतन यांचीच मागणी करावी लागते. हा भेद न करता गरिबाला केलेला काटकसरीचा उपदेश अन्यायाचा ठरतो, आणि तो भेद दाखवून देणारी वही प्रत्येक घरात त्या घराच्याच हस्ताक्षरात असली पाहिजे.