ऐनाचा टाहाळ आणि तानसाचं पाणी

आमच्या शहापूर-मुरबाडकडच्या जुन्या ऐनांच्या बुंध्यांवर गाठीच गाठी दिसतात. त्या राबाच्या खुणा. हिवाळ्यात टाहाळ, म्हणजे पानांसकट फांद्या, तोडून वाळवायचा, उन्हाळ्यात भाताचं रोप टाकायच्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, माती घालून तो भाजायचा. माझे वडील हे करत, त्यांच्याआधी आजोबा करत. इंग्रज सरकारनं जंगलं राखीव करायला घेतली, तेव्हा मोठा खटका उडाला तो याच टाहाळावरून. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून इतक्या तक्रारी गेल्या की, मुंबई सरकारला 1885 साली वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल 1887 सालचा.

त्याच सुमारास मुंबईची तहान वाढत होती. विहार आणि तुळशी हे तलाव पुरेनात, म्हणून तानसा नदीवर धरण बांधलं. 1892 पासून हे पाणी उताराच्या बळावर शहरात जातंय. 1957 साली वैतरणेवर मोडकसागर झाला, पुढे भातसा आलं. धरणात गाळ साचू द्यायचा नसेल तर पाणलोटातलं रान राखावंच लागतं. शहर आणि जंगल अशी ही भागीदारी झाली खरी, पण त्या रानात राहणाऱ्या ठाकर, कातकरी, वारली, महादेव कोळी माणसांना तिच्यात जागा नव्हती. 1970 मध्ये तानसा अभयारण्य झालं तेव्हाही नव्हती.

माहुलीचा किल्ला याच अभयारण्यात येतो. पळसगड, माहुली, भंडारगड अशी त्याची तीन शिखरं. 1636 साली निजामशाहीच्या बालवारसाला घेऊन शहाजीराजे इथेच मोगल आणि आदिलशाही फौजांशी झुंजले. आता आसनगाव स्टेशनवर उतरून मुंबईची मुलं सुळके चढायला येतात. पायथ्याशी गावाच्या वनव्यवस्थापन समितीची प्रवेशाची पावती फाडावी लागते, आणि मला ती पावती फार मोलाची वाटते. 1992 च्या शासन निर्णयानं महाराष्ट्रात वनखातं आणि गाव मिळून जंगल राखू लागले. 2006 च्या वनहक्क कायद्यानं तर ग्रामसभेला जंगल राखण्याचा हक्कच दिला. टाहाळासाठी ज्यांना चोर ठरवलं, त्यांच्याच नातवंडांच्या हाती आता राखणीचं काम आहे.

मुरबाडकडच्या सिद्धगडावरही इतिहास आणि रान असे एकत्र आहेत. 2 जानेवारी 1943 रोजी स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे हुतात्मा झाले. दरवर्षी त्या दिवशी लोक जमतात. हा डोंगर 1985 पासून भीमाशंकर अभयारण्यात आहे. गोरखगड, नाणेघाट, माळशेज इथे तर पावसाळ्यात पाय ठेवायला जागा नसते. पण ती गर्दी बाटल्या नि पिशव्या टाकून जाते, आणि उचलायला गावच उरतं.

आणि पाण्याचं म्हणाल तर शहापूरच्या कित्येक पाड्यांवर आजही एप्रिल-मेमध्ये टँकर येतो. ज्या तालुक्यातून मुंबईला पाणी जातं त्याच तालुक्यात बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात, हे मला सहन होत नाही. मुंबईच्या पाणीपट्टीतून पाणलोटातल्या गावांना ठरावीक वाटा मिळायलाच हवा, आणि तो ग्रामसभेच्या हाती यायला हवा. तुम्ही माहुलीला याल तेव्हा पावती घ्या, गावातला वाटाड्या घ्या, भाकरी गावातल्या घरी खा, आणि तुमच्या नगरसेवकाला हा वाटा मागायला सांगा.