सावद्याची रद्दी : घरगुती ठेवीचें इतिहासांतील स्थान

जुन्या घराची वांटणी झाली किंवा तें पाडावयास काढिलें म्हणजे माळ्यावरील पेटारा अंगणांत येतो. भांडीं वांटून घेतात. खतें व सनदा कोणी तरी जपतो. आणि बाकीचीं जन्मटिपणें, माहेरचीं पत्रें, किर्दीचीं सुटीं पानें, मोडी वाचतां येईना म्हणून, रद्दीवाल्याच्या तराजूंत जातात. आपण संग्राहकही बहुधा सनदेकडेच धांवतों. ही दृष्टि अपुरी कशी, हें सावद्याच्या उदाहरणावरून दिसेल.

सावदें (ता. रावेर) १७६३ सालीं निजामाकडून पेशव्यांकडे आलें व लवकरच सरदार रास्ते यांस मिळालें. १८५२ सालीं इंग्रज सरकारनें जमिनीची नवी पाहणी सुरू केली, तेव्हां येथें १०,००० ते १५,००० लोक जमले. फौजेनें पुढाऱ्यांस पकडल्यावांचून जमाव हटला नाहीं. एवढी हकीकत सरकारी ग्रंथांत सांपडते. परंतु ती पकडणारांच्या बाजूची आहे. पकडलेल्यांच्या घरीं कोणती काळजी पडली, मागें राहिलेल्यांनीं कोणास काय कळविलें, हें फौजेच्या कागदांत कसें असणार? तें कोठें उरलें असेल तर एखाद्या चिठींत किंवा किर्दीच्या पानावरच.

घरच्या आठवणीची ठेव केवढी मोलाची ठरते, याचा दाखला खानदेशांतच आहे. सरकारनें खानदेशाचें ग्याझेटियर १८८० सालीं छापिलें. त्याच सालीं जळगांवाजवळ असोदें येथें बहिणाबाई चौधरी जन्मल्या. त्यांस लिहितां-वाचतां येत नव्हतें. शेतांत व जात्यावर त्यांनीं म्हटलेलीं गाणीं पुत्र सोपानदेव व आप्त यांनीं टिपून ठेविलीं. ३ डिसेंबर १९५१ रोजीं बाई वारल्या. पुढें सोपानदेवांनीं तें बाड आचार्य अत्रे यांस दाखविलें आणि १९५२ सालीं ‘बहिणाबाईंचीं गाणीं’ हें पुस्तक निघालें. पेरणी, मळणी, सासर-माहेर यांविषयीं खानदेशच्या बाईला काय वाटत होतें, हें ग्याझेटियरच्या कोष्टकांत नाहीं. तें या बाडांत आहे. आणि तें उरलें तें मुलाच्या मायेमुळें. माया ही येथें दप्तरदाराचें काम करून गेली.

इतिहासाचार्य राजवाडे यांनीं गांवोगांव पायपीट करून दप्तरें मिळविलीं. साधनांचा पहिला खंड १८९८ सालीं काढिला. ३१ डिसेंबर १९२६ रोजीं ते धुळ्यास वारले व १९२७ सालीं तेथेंच त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ स्थापन झालें. त्यांच्या मागून जाणारांस एक सूचना करावीशी वाटते. घरगुती कागद नुसता उचलून आणूं नये. तो कोणाचा, कोणत्या कोनाड्यांत, कशांत गुंडाळलेला होता व घरच्यांनीं तो कां जपला, हें त्याच दिवशीं लिहून कागदाबरोबर ठेवावें. पुडकें फोडून कागद वेगळाले करूं नयेत. घरचे द्यावयास नाखूष असतील तर छायाचित्र घेऊन मूळ त्यांच्याकडेच राहूं द्यावें, आणि खासगी मजकूर त्यांच्या संमतीवांचून छापूं नये.

कागद एक वेळ रद्दीवाल्याकडून परत विकत घेतां येईल. परंतु तो कां जपला, हें सांगणारी घरची आजी गेली म्हणजे तो प्रश्न कोणास विचारावयाचा?