कोव्हालेव्हस्की, माक्सिम माक्सिमोविच
(८ सप्टेंबर १८५१ – ५ एप्रिल १९१६). रशियन विधि-इतिहासकार व समाजशास्त्रज्ञ. जन्म खारकोव्ह (सध्या युक्रेनमध्ये) येथील जमीनदार घराण्यात. तेथील विद्यापीठात विधिशिक्षण घेतल्यावर बर्लिन, पॅरिस व लंडन येथे त्याने पुढील अभ्यास केला. लंडनमध्ये सर हेन्री मेन आणि कार्ल मार्क्स या परस्परविरोधी प्रकृतीच्या दोन विचारवंतांचा सहवास त्याला लाभला. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ मॉर्गनचा प्राचीन समाजावरील ग्रंथ मार्क्सच्या हाती त्यानेच दिला, असे सांगितले जाते.

सामुदायिक भूधारणा म्हणजे गावाने वा कुळाने जमीन एकत्रितपणे बाळगण्याची पद्धत. तिच्या विघटनावरील त्याचा ग्रंथ (१८७९) भारतीय अभ्यासकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा ठरतो. अमेरिकेतील आदिवासी, भारत व अल्जीरिया यांची तुलना करून, ही पद्धत आपोआप लयास जात नसून वसाहती राजवटींचे कायदे व महसूलव्यवस्था तिच्या नाशाला मोठा हातभार लावतात, असे त्याने दाखवले. मार्क्सने या ग्रंथाची सविस्तर टिपणे काढली. मात्र मुसलमानी अंमलातील इक्ता (सेवेच्या मोबदल्यात मिळणारा महसुलाचा हक्क) आणि युरोपीय सरंजामशाही यांना कोव्हालेव्हस्कीने एका मापाने मोजणे मार्क्सला मान्य झाले नाही, आणि हा आक्षेप रास्तच होता.

मॉस्को विद्यापीठात अध्यापन करीत असताना (१८७८–८७) त्याने कॉकेशसमध्ये प्रवास करून ओसेत लोकांच्या रूढींचा अभ्यास केला. तेथे खुनाची भरपाई गायींच्या संख्येत ठरे आणि आरोपीचे नातलग, प्रत्यक्ष घटना पाहिलेली नसतानाही, त्याच्या सचोटीबद्दल शपथ घेत. म्हणजे पुराव्यापेक्षा कुळाची पत निर्णायक असे. जुन्या जर्मानिक कायद्यातही अशाच तरतुदी आढळतात. जिवंत रूढीच्या आधारे लुप्त कायद्याचा अर्थ लावण्याची त्याची ही पद्धत आधुनिक रूढी आणि प्राचीन कायदा (१८८६) या ग्रंथात उत्तम उतरली आहे.

१८८७ मध्ये राजकीय मतांमुळे प्राध्यापकपद गेल्यावर तो परदेशी राहिला. स्टॉकहोम येथील व्याख्यानांत (प्रकाशन १८९०) त्याने पितृप्रधान एकत्र कुटुंब हा मातृवंशीय कुल आणि विभक्त कुटुंब यांमधील टप्पा मानला. मार्क्सचा सहकारी एंगेल्स याने या मताची दखल घेतली. तथापि हा क्रम सर्वत्र लागू पडतो काय, याविषयी मतभेद आहेत. युरोपच्या आर्थिक विकासावरील त्याचे लेखन विस्तृत आहे.

१९०५ मध्ये तो मायदेशी परतला व १९०६ मध्ये पहिल्या दूमावर (संसदेवर) निवडून आला. पेट्रोग्राड येथे त्याचे निधन झाले.