निसटलेली कडी आणि हातातली चिठ्ठी

आजचा भाग माझ्या स्वयंपाकघराच्या छतावरच्या डागापासून सुरू करतो.

मी सध्या अमेरिकेत असतो आणि इथे घरी बिअर बनवणं कायदेशीर आहे, हे आधीच सांगून टाकतो. मागच्या हिवाळ्यात मी १९ लिटरची पहिली मोठी बॅच लावली. प्लास्टिकची बादली, घट्ट झाकण आणि झाकणावर एअरलॉक. म्हणजे आतला गॅस बाहेर जाऊ देणारी, पण बाहेरची हवा आत न घेणारी छोटी नळी. यीस्ट जोरात कामाला लागलं, फेस वर चढला आणि एअरलॉक तुंबला. सकाळी झाकण पुरीसारखं फुगलेलं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पण नऊला मीटिंग होती. म्हटलं, संध्याकाळी बघू. दुपारी धडाम! झाकण छताला, बिअर भिंतीवर, आणि रूममेट दोन दिवस बोलला नाही.

उपाय दहा मिनिटांचा होता. बादली काठोकाठ भरायची नाही, आणि पहिले काही दिवस एअरलॉकऐवजी जाड नळी लावून तिचं दुसरं टोक पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवायचं. जाड नळी फेसाने सहसा तुंबत नाही.

हे सगळं पुसता पुसता मला लंडनचं १८१४ साल आठवलं.

तेव्हा तिथे पोर्टर नावाची काळपट बिअर जोरात चालायची. ती महिनोन्महिने मुरवायची, आणि त्यासाठी राक्षसी आकाराची लाकडी पिंपं. माझं पिंप तुझ्यापेक्षा मोठं, अशी ब्रुअरीवाल्यांची चढाओढच लागलेली. टॉटनहॅम कोर्ट रोडच्या टोकाला म्यू यांची हॉर्स शू ब्रुअरी होती. तिथल्या एका पिंपाची उंची २२ फूट, आणि आत दहा महिने मुरलेली ३,५५५ बॅरल बिअर. आजच्या हिशेबात साधारण ५ लाख ८० हजार लिटर.

अशा पिंपाला खिळे नसतात. उभ्या फळ्या आणि त्यांना आवळून धरणाऱ्या लोखंडी कड्या. बैलगाडीच्या चाकाला धाव बसवतात ना, त्याच जातीचं काम. सगळा दाब त्या कड्यांवर.

१७ ऑक्टोबर, सोमवार. दुपारी साडेचारच्या सुमारास जॉर्ज क्रिक या कोठार-कारकुनाला दिसलं की एक कडी निसटली आहे. वजन सुमारे ३२० किलो. तो घाबरला का? नाही. कारण वर्षातून दोन-तीनदा हे व्हायचंच आणि कधी काही बिघडलं नव्हतं. त्याने वरिष्ठांना सांगितलं. उत्तर आलं, काही होत नाही, भागीदार यंग साहेबांना चिठ्ठी लिही, नंतर दुरुस्त करून घेऊ.

आमच्याकडे याला ‘तिकीट टाकून ठेव’ म्हणतात. रोज वाजणारा आणि रोज खोटा ठरणारा अलर्ट आम्ही म्यूट करतो. मीही केलाय. म्हणून क्रिकला हसायची माझी टाप नाही. उलट त्या साखळीत काहीतरी केलं ते त्यानेच.

तासाभराने तो पिंपापासून तीसेक फुटांवर उभा होता, यंग साहेबांची चिठ्ठी हातात होती, आणि पिंप फुटलं. त्या धक्क्याने शेजारच्या पिंपाची तोटी उडाली, तेही वाहू लागलं. ब्रुअरीची २५ फुटी मागची भिंत कोसळली. पलीकडे सेंट जाइल्सची गरीब वस्ती, बहुतेक आयरिश मजूर, तळघरात राहणारी कुटुंबं. एका तळघरात दोन वर्षांच्या पोराचं प्रेत ठेवून त्याची आई ॲन सॅव्हिल आणि आयाबाया बसल्या होत्या. त्यातल्या पाच जणी-जण गेले, आईसकट. चौदा वर्षांची एलेनॉर कूपर शेजारच्या पबमागे भांडी घासत होती, भिंतीखाली सापडली. एकूण आठ मृत्यू, सगळ्या बायका आणि लहान मुलं. ब्रुअरीतला एकही माणूस मेला नाही.

इंटरनेटवर ही गोष्ट विनोद म्हणून फिरते: लोक भांडी घेऊन धावले, पिऊन तर्र झाले वगैरे. तेव्हाच्या वर्तमानपत्रांत असलं काही नाही. उलट ढिगाऱ्याखालच्या लोकांचे आवाज ऐकू यावेत म्हणून गर्दी शांत राहिली, असं वर्णन सापडतं. गरीब आयरिश म्हणजे दारुडे, हा मसाला नंतरचा. मला याचा खरंच राग येतो.

चौकशी झाली. निकाल लागला: अपघात, दोष कोणाचाच नाही. वाहून गेलेल्या बिअरवर भरलेला सुमारे ७,२५० पौंड कर सरकारने कंपनीला परत दिला, म्हणून ती बुडता बुडता वाचली. मेलेल्यांच्या दफनासाठी मात्र बघायला आलेल्या लोकांनी नाणी टाकली.

ब्रुअरी तिथे आणखी शंभरेक वर्षं चालली. आता त्या जागी डोमिनियन थिएटर आहे. आणि माझ्या बादलीला जाड नळी आहे. घरमालकाला छताचं अजून सांगायचंय.