४५ रुपये पगार आणि सायकलचं दुकान

आजचा भाग एका व्हॉइस नोटमुळे सुचला. आमच्या धानोऱ्याचा एक मुलगा सुरतला टू-व्हीलर गॅरेजमध्ये काम करतो. रात्री साडेअकराला त्याची नोट आली. म्हणाला, "दादा, चार वर्षं झाली. इंजिन खोलता येतं, परत लावता येतं. आता गावात स्वतःचं गॅरेज टाकू का? का आधी एखादा कोर्स करू? घरचे म्हणतात, लागलेली नोकरी सोडू नको."

मी काही व्यवसाय सल्लागार नाही. इतिहास वाचतो, तो तुम्हाला सांगतो, एवढंच. पण नोट ऐकल्या ऐकल्या मला एक माणूस आठवला. त्यालाही हाच प्रश्न पडला होता, सव्वाशे वर्षांपूर्वी. लक्ष्मणराव किर्लोस्कर.

थांबा, लगेच पुढे ढकलू नका. किर्लोस्कर म्हटलं की आपल्याला पंप आठवतो, मोठी कंपनी आठवते, आणि वाटतं की झालं, आता यशोगाथा सुरू. मला त्यांच्या कारखान्याबद्दल आज फारसं बोलायचंच नाहीये. मला त्याआधीच्या वीसेक वर्षांबद्दल बोलायचंय.

लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ चा, बेळगाव भागातल्या गुर्लहोसूरचा. पोराला चित्रकार व्हायचं होतं. १८८५ मध्ये मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला. दोन वर्षांत कळलं की डोळ्यांना काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. चित्रकाराला रंगच कळत नसतील तर काय करायचं? पण हात साफ होता, रेघ सरळ यायची. मग यंत्रांची ड्रॉइंग काढायला शिकला आणि त्या जोरावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी मिळाली. आजची व्हीजेटीआय, तीच. पगार महिना ४५ रुपये.

आता इथे नीट लक्ष द्या. शिकवायचं काम ड्रॉइंगचं, पण हा माणूस वेळ मिळाला की वर्कशॉपमध्ये. यंत्रं उघडून बघायची, बिघडलेली दुरुस्त करायची, अमेरिकन-इंग्रजी तांत्रिक मासिकं आणि पुस्तकं वाचायची. म्हणजे मेकॅनिक होण्याचं शिक्षण चालू होतं आणि पगारही चालू होता. फी भरावी लागली नाही, उलट महिन्याला पैसे येत होते.

त्याच काळात मुंबईत त्यांनी सायकल पाहिली. तेव्हा सायकल म्हणजे नवलाईची चीज. १८८८ मध्ये भाऊ रामुअण्णांबरोबर बेळगावात सायकलचं दुकान सुरू झालं. लक्ष्मणराव मुंबईत सायकली विकत घ्यायचे आणि बेळगावला पाठवायचे, तिथे भाऊ विकायचा. एका सायकलची किंमत सातशे ते हजार रुपये आणि चालवायला शिकवायचे पंधरा रुपये वेगळे, असं त्यांच्याबद्दल लिहिलेलं सापडतं. ४५ रुपये पगाराच्या शेजारी ठेवून बघा ही किंमत! गिऱ्हाईक कोण असणार? साहेब लोक, वकील, सरदार. पण या दुकानाने दोघा भावांना कुठल्याच वर्गात न मिळणारं शिकवलं. माल कुठून आणायचा, गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं, विकलेली वस्तू बिघडून परत आली की काय करायचं.

आणि नोकरी कधी सोडली? १८९७ मध्ये. बढती त्यांची होती, ती दुसऱ्याला, एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. अपमानाची गोष्ट आहे, खरी आहे, आणि भाषणांत तीच रंगवून सांगतात. पण मला त्यातलं एक साल जास्त बोलतं. दुकान १८८८ चं, राजीनामा १८९७ चा. मधली नऊ वर्षं पगार आणि धंदा शेजारी शेजारी चालले होते.

पुढे कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. आणि नांगर विकला जाईना. शेतकरी म्हणायचे, लोखंडाने जमीन विषारी होते. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली असं सांगतात. दोन वर्षं! आज आपण दुकान टाकून दोन महिने गिऱ्हाईक आलं नाही तर शटर ओढतो. ते तगले, कारण मागे बाकीची कामं चालू होती.

मग बेळगावची जागा सोडावी लागली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल स्टेशनजवळ ३२ एकर माळ दिला, वर पैशांची मदतही केली. १९१० मध्ये तिथे कारखाना आणि वसाहत उभी राहिली. तीच किर्लोस्करवाडी. त्यांची माणसं बघितली तर गंमत वाटते. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तिथे डोकेबाज इंजिनिअर झाले. मंगेशराव रेगे हिशेब बघायचे. म्हणजे आधी स्वतः काम करत शिकले, मग दुसऱ्यांना काम देत शिकवलं.

इथवर ऐकून कोणी म्हणेल, बघा, जिद्द असली की सगळं होतं. मला हे वाक्य पटत नाही. जिद्द होतीच, पण शिकण्याच्या वर्षांत घर चालवणारा पगार होता, दुकान सांभाळणारा भाऊ होता, वाचता येत होतं, तेही इंग्रजी, आणि शेवटी पाठीशी एक राजा होता.

त्याच काळात आपल्याकडे काय होतं? नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. त्याआधी हा सगळा भाग धुळे जिल्ह्यात, आणि इंग्रजांच्या वेळी पश्चिम खानदेशात. इथला भिल्ल शेतकरी अडाणी होता असं म्हणणारे भेटतात. त्याला जंगल कळत होतं, जमीन कळत होती. त्याला सावकाराची वही वाचता येत नव्हती. अंगठा उठवला की व्याज किती, मुद्दल किती, हे लिहिणाऱ्यालाच माहीत. त्या वह्यांमधून जमिनी गेल्या. जमीन गेलेला माणूस सालदार झाला. सालदारकी कशी, तर आखाजीला साल ठरायचं आणि पुढच्या आखाजीपर्यंत माणूस बांधलेला. मधे उचल घेतली तर पुढचं सालही गेलं. आता सांगा, या माणसाने नवीन कसब कधी शिकायचं?

१९७० नंतर शहादा-तळोद्याकडे अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांच्या सोबत्यांनी जमिनी परत मिळवण्यासाठी चळवळ उभी केली. १९७४ चा आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा राज्याचा कायदा याच काळातला. म्हणून मी म्हणतो, धंद्याचं पहिलं कौशल्य पाना-पक्कड धरण्याचं नाही. स्वतःची वही स्वतः लिहिता येणं, हे ते कौशल्य.

हा प्रश्न, म्हणजे शिकताना पोट कोण भरणार हा, सरकारी योजनांमध्ये फार उशिरा आला. १९८२ मध्ये कर्नाटकात उजिरे इथे धर्मस्थळाचे वीरेंद्र हेगडे आणि दोन बँकांनी मिळून रुडसेटी नावाची संस्था काढली. बेरोजगार पोरांना थोड्या दिवसांचं प्रशिक्षण, पण राहणं-खाणं फुकट, आणि नंतर धंदा सुरू होईपर्यंत पाठपुरावा. त्याच नमुन्यावर पुढे देशभर जिल्ह्याजिल्ह्यात आरसेटी निघाल्या, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. त्या बँका चालवतात. कसब शिकवतातच, पण बाजार कसा बघायचा, खर्च कसा मांडायचा, बँकेचा कागद कसा भरायचा, हेही शिकवतात. सगळीकडे सारखं चांगलं चालतं असं मी म्हणणार नाही, स्वतः जाऊन बघा. पण राहण्या-जेवणाचा खर्च नाही, हे मला कोर्सपेक्षाही महत्त्वाचं वाटतं.

तर मी त्या मुलाला काय सांगितलं? विचारलं, "गॅरेजमध्ये पार्ट कोण आणतं? बिल कोण करतं?" म्हणाला, "शेठ." म्हटलं, "मग तुझं शिक्षण अर्धंच झालंय. सहा महिने पगार घेत राहा, पण शेठबरोबर मार्केटला जा. कुठला पार्ट कितीला पडतो, उधारी किती थकते, सगळं वहीत लिही. सुट्टीला घरी आलास की धानोऱ्यात चार गाड्या दुरुस्त कर आणि पैसे माग. ओळखीच्या माणसाकडेही."

शेवटच्या वाक्यावर तो हसला. "दादा, हेच तर जमत नाही. काका लागतात सगळे."

परवा त्याचा फोटो आलाय. वहीचं पहिलं पान. चेन-स्प्रॉकेट, ब्रेक शू, क्लच केबल, पुढे भाव. आणि खाली पेन्सिलने लिहिलंय, काकांकडून येणं, १५० रुपये.