नळीतला पीळ

जव्हार-मोखाड्यात येऊन तिरकामठा म्हणजे काय हे मी सांगायचं नाही, ते तुम्ही मला सांगायचं. मी तत्त्वज्ञानाचा माणूस. माझा बाणाशी संबंध आला तो कणादाच्या वैशेषिक सूत्रांतून. तिथे प्रश्न असा आहे, की दोरीने बाणाला ढकललं आणि दोरी मागे राहिली. मग बाण पुढे कशाच्या जोरावर जातो? कणादाचं उत्तर असं, की पहिली गती दोरीच्या ढकलण्याने येते, त्या गतीतून बाणात वेग नावाचा संस्कार उत्पन्न होतो, आणि तो संस्कार पुढची गती घडवतो. संस्कार संपला की गुरुत्वामुळे बाण खाली पडतो.

उत्तर सुंदर आहे. पण बाण टोक पुढे ठेवूनच का जातो? वाटेत आडवा का होत नाही? हा प्रश्न सूत्रांनी विचारलेला नाही. बाण करणाऱ्याने मात्र तो सोडवलेला आहे. शेपटाला पिसं बांधली, की बाण जरा वाकडा झाल्याबरोबर वारा पिसांना धरतो आणि शेपूट मागे ओढून सरळ करतो.

बंदुकीच्या गोळीला शेपूट नाही. म्हणून तिला दुसरा उपाय लागतो, आणि तो या भागातल्या प्रत्येक पोराच्या हातात असतो: भोवरा. फिरता भोवरा आरीवर उभा राहतो, फिरकी मंदावली की डुलतो, मग लोळतो. गोळीलाही तशीच फिरकी द्यायची. त्यासाठी नळीच्या आत नागमोडी नव्हे, तर स्क्रूच्या आट्यांसारख्या वळत जाणाऱ्या खाचा पाडतात. त्या वळणाला मी पीळ म्हणतो. सुंभ जळला तरी जात नाही म्हणतात, तोच शब्द. पीळ मोजायचा तो इंचांत: किती इंचांत गोळीचा एक फेरा पुरा होतो? आकडा लहान, तर पीळ घट्ट.

युरोपातले कारागीर अशा खाचा पंधराव्या-सोळाव्या शतकापासून पाडत होते. त्यांना एवढंच माहीत होतं, की नेम सुधारतो. का सुधारतो ते बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४७ साली रॉयल सोसायटीपुढे मांडलं. हेच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत किल्ल्यांच्या कामासाठी हिंदुस्थानात आले आणि १७५१ साली कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारले.

मग पीळ किती हवा? सर्वसाधारण समज असा, की गोळी जड असेल तर पीळ घट्ट हवा. तसं नाही. प्रश्न लांबीचा आहे. लांबुडकी वस्तू आडवी व्हायला टपलेली असते, तिला आवरायला फिरकी जास्त लागते. १८७९ मध्ये वुलिचचे गणिताचे प्राध्यापक जॉर्ज ग्रीनहिल यांनी एक सोपा हिशेब दिला: गोळीच्या व्यासाचा वर्ग करा, १५० ने गुणा, लांबीने भागा. आलेले इंच म्हणजे एका फेऱ्याचं अंतर.

हे सगळ्यांत चांगलं दिसतं ते लिव्हर-ॲक्शन रायफलीत. सिनेमातल्या काउबॉयच्या हातात असते ती. चापाखालचा दांडा खाली-वर केला, की रिकामं काडतूस बाहेर आणि नवं आत. नवी काडतुसं बंदुकीच्या नळीखाली दुसऱ्या एका नळीत एकामागे एक झोपलेली असतात. आता गंमत बघा. मागच्या गोळीचं नाक पुढच्या काडतुसाच्या बुडाला, म्हणजे नेमकं टोपीवर टेकतं. नाक अणकुचीदार असेल तर धक्क्याने आतच बार उडायचा. म्हणून नाक चपटं ठेवलं. चपट्या नाकाची गोळी आखूड झाली, आणि आखूड गोळीला सैल पीळ पुरला. १८७३ सालच्या विंचेस्टरच्या .४४-४० जातीच्या नळीत ३६ इंचांना एक फेरा आहे. सैल म्हटला तरी, सेकंदाला १,३०० फूट वेगाने सुटलेली गोळी त्या पिळाने सेकंदाला चारशेहून अधिक फेरे घेते!

पुढे .४४ मॅग्नम काडतूस आलं. त्यासाठी केलेल्या मार्लिनच्या लिव्हर रायफलींत पीळ ३८ इंचांचा राहिला. व्यास ०.४३ इंच धरा. गोळी ०.७ इंच लांब असेल, तर ग्रीनहिलचा हिशेब साडेएकोणचाळीस इंच देतो. नळीचा पीळ पुरतो. शिकाऱ्यांनी जड, म्हणून लांब गोळ्या घातल्या. लांबी ०.८५ झाली की साडेबत्तीस इंच हवेत आणि नळीत आहेत ३८. अशी गोळी डुलते, कागदावर गोल भोकाऐवजी आडवी चीर पाडते. मालक म्हणतो, बंदूक बिघडली. बंदूक तीच आहे, गोळीही निर्दोष आहे. नैयायिकांच्या भाषेत बोलायचं तर नेम हा एका द्रव्यात राहणारा गुण नाही, तो दोघांचा संबंध आहे.

आणि संबंध तोडणं फार सोपं असतं. इथे मी तुमच्या डोंगराकडे येतो.

महादेव कोळ्यांचे राघोजी भांगरे यांना १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. त्या काळात ठासणीची बंदूक बंडखोराची असो की कंपनीच्या साध्या शिपायाची, नळी गुळगुळीत असायची. शंभर पावलांपलीकडे दोघांचाही नेम देवाच्या हवाली. पाच वर्षांनी, १८५३ साली, एनफील्ड रायफल आली. नळी ३९ इंचांची, पीळ ७८ इंचांचा, म्हणजे बाहेर पडेपर्यंत गोळीचा अर्धाच फेरा. तेवढ्या अर्ध्या फेऱ्याने मारा शेकडो यार्डांवर गेला. दरीच्या या कड्यावरून त्या कड्यावरचा माणूस टिपता येऊ लागला. गोळी खाचांत नीट बसावी, नळीतून सुरळीत सरकावी म्हणून काडतुसाच्या कागदाला चरबी लावलेली होती. १८५७ च्या चरबीची गोष्ट आपण शाळेत शिकतो. चरबी कशासाठी होती हे कोणी शिकवत नाही. ती या पिळासाठी होती.

उठाव मोडल्यावर सरकारने काय केलं? १८५८ च्या नमुन्याची एनफील्ड देशी पलटणींना दिली. बाहेरून तीच, आतून गुळगुळीत. दूरचा नेम धरायची सरकती पट्टीही काढून टाकली. गोऱ्या शिपायाकडे पीळ राहिला, काळ्याकडे नळी. शस्त्र काढून घेतलं असतं तर बोभाटा झाला असता. इथे फक्त खाचा गेल्या.

विसाव्या शतकात तीच युक्ती पुन्हा केली. पोलीस आणि पहारेकऱ्यांसाठी ईशापूरच्या कारखान्यात ली-एनफील्डच्या नळ्या गुळगुळीत करून .४१० ची मस्केट तयार झाली. वयस्कर पोलिसांना विचारा, चारशेदहा मस्केट म्हटलं की ते ओळखतील. नागरिकांच्या बाबतीत पीळ ठेवला, पण लष्कराचं .३०३ काडतूस त्यांच्या हाती चालू नये म्हणून व्यास बदलला, परवान्यावरची देशी.३१५ रायफल त्यातली.

या सगळ्यात जव्हार संस्थानाला मात्र ९ तोफांची सलामी होती. सलामीच्या तोफेत गोळा नसतो, त्यामुळे तिच्या नळीत पीळ आहे की नाही, याची साहेबाला काळजी नव्हती.