द्रोह आणि अप्रीती : एका संकल्पनेचे शब्दांतर

पाणिनीने ज्या क्रियापदांच्या योगे कोपाचा विषय असलेल्या व्यक्तीची चतुर्थी होते असे सांगितले, त्यांत क्रुध्, द्रुह्, ईर्ष्य् आणि असूय् या चार अर्थांचे धातू एकत्र येतात. टीकाकारांनी मात्र या चौघांची गल्लत होऊ दिली नाही. क्रोध म्हणजे सहन न होणे, ईर्ष्या म्हणजे दुसऱ्याचा उत्कर्ष न साहणे, असूया म्हणजे गुणांवर दोषाचा आरोप करणे, आणि द्रोह म्हणजे अपकार, असा त्यांनी भेद केला. क्रोध, ईर्ष्या व असूया यांचे मूळ मनाच्या अवस्थेत आहे. द्रोह हा कृतीत उतरतो. राजाशी किंवा राज्याशी केलेल्या विश्वासघाताचा विचार भारतात, विशेषतः महाराष्ट्रात, कसकसा बदलत गेला हे समजण्यास हा जुना भेद फार उपयोगी पडतो.

द्रुह् धातूचे कुळ मोठे आहे. अवेस्तेतील ‘द्रुज्’ आणि प्राचीन फारशीतील ‘द्रौग’ हे त्याचे सगोत्र शब्द असून त्यांचा अर्थ असत्य, कपट असा आहे. दार्युश राजाच्या बेहिस्तून येथील शिलालेखात, इ. स. पूर्व ५२० च्या सुमारास, प्रत्येक बंडखोराविरुद्ध एकच आरोप पुन्हा पुन्हा येतो : तो खोटे बोलला, मी अमुक राजा आहे असे त्याने लोकांस सांगितले. इराणी शाखेत हा शब्द असत्याकडे वळला, तर संस्कृतात तो अपकाराकडे झुकला. परंतु दोन्हीकडे द्रोहाला एक नाते गृहीत धरावे लागते. ज्याच्याशी काही बंधन नाही, त्याच्याशी वैर संभवते. द्रोह संभवत नाही. मित्रद्रोह, स्वामिद्रोह हे समास याच समजुतीवर उभे आहेत.

मराठेशाहीच्या कागदपत्रांत या समजुतीला आणखी दोन शब्द येऊन मिळाले. पहिला ‘निमकहराम’. ज्याचे अन्न खाल्ले त्याचे अहित करणारा, हा त्याचा अर्थ उघड आहे. दुसरा ‘फितुरी’. अरबी ‘फुतूर’ याचा मूळ अर्थ शैथिल्य, ढिलाई. फारशीतून तो बखेडा व बिघाड या अर्थांनी आला. हिंदीत ‘फितूर’ म्हणजे डोक्यात शिरलेले खूळ. आणि मराठीत तो शत्रूला आतून मिळणे या एका अर्थावर स्थिरावला. हे अर्थांतर अपघाताने झाले असे वाटत नाही. ज्या राज्याचे सर्व बळ डोंगरी किल्ल्यांत होते, तेथे भिंतीपेक्षा भिंतीमागील माणसाचे शैथिल्य अधिक घातक ठरणार हे उघडच आहे.

शिवकालीन व्यवस्थेत याची दखल घेतलेली दिसते. सभासदाच्या बखरीत किल्ल्यावर हवालदार, सबनीस व सरनोबत असे समान दर्जाचे अधिकारी नेमण्याची पद्धत वर्णिली असून, कोणाही एकाच्या हाती गड राहू नये हा तिचा हेतू स्पष्ट आहे. येथे निष्ठेची परीक्षा घेतलेली नाही. फितुरीची संधी काढून घेतली आहे. इ. स. १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती पडला. त्याचा ठपका परंपरेने सूर्याजी पिसाळावर ठेवला आणि वाईच्या देशमुखीचा लोभ हे त्याचे कारण सांगितले. त्याचे नाव पुढे मराठीत सामान्यनामासारखे वापरले जाऊ लागले. आज्ञापत्रातील (इ. स. १७१५) वतनदारांचे प्रकरण हाच धागा पुढे नेते. वतनदार हे राज्याचे भाऊबंदच होत, परचक्र येताच वतनाच्या आशेने ते शत्रूस आधी भेटतात व इकडचा भेद तिकडे करतात, अशी अमात्यांची तक्रार आहे. तरीही त्यांना नष्ट करावे असा सल्ला ते देत नाहीत. स्नेह व दंड या दोहोंमध्ये त्यांना ठेवावे असे सांगतात. म्हणजे वतनदाराच्या मनात राज्याविषयी पूर्ण प्रीती असेल, अशी अपेक्षाच या राजनीतीत नाही.

कौटिल्याची दृष्टीही अशीच होती. शत्रूच्या राज्यातील फोडता येण्याजोग्या लोकांचे क्रुद्ध, लुब्ध, भीत आणि मानी असे चार वर्ग त्याने केले, आणि आपल्या राज्यातील अशा लोकांचा आधीच बंदोबस्त करावा असे सांगितले. त्यांचा असंतोष हा त्याच्या दृष्टीने राज्यकर्त्याला मिळालेला इशारा आहे. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ नाटकात तर हा विचार टोकाला गेला आहे. नंदकुळाचा उच्छेद झाल्यावरही अमात्य राक्षस चंद्रगुप्ताविरुद्ध कारस्थाने करतो. नव्या राज्याच्या दृष्टीने तो शत्रूच होय. पण मेलेल्या स्वामीशी एकनिष्ठ राहणारा म्हणूनच चाणक्याला तो चंद्रगुप्ताचा अमात्य म्हणून हवा आहे. नव्या सत्तेविषयीची अप्रीती हीच येथे त्याच्या योग्यतेची खूण ठरते.

इंग्रजी कायद्याची वाट वेगळी होती. इ. स. १३५१ च्या कायद्याने राजाच्या मृत्यूचे चिंतन करणे हाच मुख्य राजद्रोह ठरविला. सेवकाने धन्याला किंवा पत्नीने पतीला ठार मारणे हाही ‘लहान राजद्रोह’ होता व तो इ. स. १८२८ पर्यंत कायद्यात राहिला. येथेही नाते होते; मात्र मनातील हेतूला कायद्याने प्रथमच एवढे महत्त्व दिले. मेकॉलेच्या इ. स. १८३७ च्या मसुद्यात असलेले, इ. स. १८६० च्या दंडसंहितेतून गळालेले आणि इ. स. १८७० मध्ये पुन्हा घातलेले १२४-अ हे कलम सरकारविषयी ‘डिस्अफेक्शन’ उत्पन्न करणे हा गुन्हा मानते. मराठीत या शब्दाला ‘अप्रीती’ हा प्रतिशब्द आला. खटल्यांना मात्र ‘राजद्रोहाचे खटले’ हेच नाव पडले. ज्या गुन्ह्याचे वर्णन भावनेचे, त्याला नाव अपकाराचे मिळाले.

याचा परिणाम इ. स. १८९७ मध्ये दिसून आला. १५ जून रोजी ‘केसरी’त शिवाजी उत्सवाचा वृत्तांत व ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता प्रसिद्ध झाली. अफझलखानाचा वध हा विश्वासघात होता काय, हा उत्सवातील चर्चेचा एक विषय होता. २२ जून रोजी पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली आणि जुलैच्या अखेरीस टिळकांना अटक झाली. न्या. स्ट्रेची यांनी ज्यूरीला ‘डिस्अफेक्शन’ म्हणजे प्रीतीचा अभाव असे समजावून सांगितले. सहा युरोपीय ज्यूररांनी टिळकांना दोषी व तीन हिंदी ज्यूररांनी निर्दोष ठरविले. शिक्षा अठरा महिने सक्तमजुरीची झाली. विश्वासघाताविषयीची ऐतिहासिक चर्चा हीच राजद्रोह ठरली. इ. स. १८९८ च्या दुरुस्तीने शत्रुत्वाच्या सर्व भावनांचा कलमात स्पष्ट समावेश केला. इ. स. १९०८ च्या खटल्यात ‘केसरी’तील लेखांच्या इंग्रजी भाषांतराला टिळकांनी शब्दशः आव्हान दिले. मराठी शब्दांच्या छटा, मराठी न जाणणारे बहुसंख्य ज्यूरर आणि भावनेवर उभे असलेले कलम, या तिहींच्या संगमातून सात विरुद्ध दोन असा निर्णय झाला व सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा मिळाली. इ. स. १९२२ मध्ये अहमदाबादच्या न्यायालयात महात्मा गांधींनी आरोप कबूल केला आणि प्रीती कायद्याने निर्माण करता येत नाही, हे या कलमाचे मर्म उघड करून दाखविले.

स्वातंत्र्योत्तर काळात सर्वोच्च न्यायालयाने इ. स. १९६२ मध्ये, केदारनाथ सिंग विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात, हिंसेला चिथावणी देणाऱ्या किंवा सार्वजनिक सुव्यवस्था बिघडविण्याचा हेतू वा प्रवृत्ती असलेल्या कृत्यांपुरतेच हे कलम मर्यादित केले. नकळत का होईना, द्रोहाचा अर्थ पुन्हा अपकाराकडे वळला. मे २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने कलमाचा अंमल स्थगित ठेवण्यास सांगितले, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. संसदेत ‘राजद्रोह’ जाऊन ‘देशद्रोह’ आला असे सांगितले गेले. तथापि नव्या संहितेच्या १५२ व्या कलमात, सशस्त्र बंड व फुटीर कृत्ये यांच्या जोडीला, फुटीर कृत्यांच्या भावनांना उत्तेजन देणे हेही आले आहे. राजा जाऊन देश आला; भावना मात्र कलमात राहिली.

द्रोहाचा विषय पूर्वी व्यक्ती होती, आता राष्ट्र आहे, आणि हे स्थित्यंतर कालानुरूप म्हणावे लागेल. पण त्यामुळे द्रोह आणि क्रोध यांतील जुना भेद कालबाह्य होत नाही. गडाचा दरवाजा शत्रूस उघडून देणारा आणि गडाच्या धन्यावर रुष्ट असलेला, हे दोघे मराठी भाषेने कधी एक मानले नाहीत. पहिल्याला तिने फितूर म्हटले. दुसऱ्याला केवळ नाराज. कायद्याचा मजकूर लिहिणाऱ्याने आणि त्याचे भाषांतर करणाऱ्याने हा भेद सांभाळला नाही, तर तुरुंगात जाणारा मनुष्य अपकारासाठी गेला की अप्रीतीसाठी, हे पुढील इतिहासकाराला केवळ निकालपत्र वाचून ठरविता येणार नाही.